डोळ्याजवळची नागीण आणि डॉक्टरांनी सांगितलेली 'ती' तपासणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय 38. तालुक्याच्या गावी स्वतःचं दुकान. घरी आई, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. तोंड वाकडं झालं होतं. दीड-दोन महिन्यांत ते पूर्ववत झालं. त्यानंतर आठ महिन्यांनी कपाळाच्या डाव्या बाजूला आग व्हायला लागली, केसांतून कंगवा फिरवणंही नको झालं. मग भुवईवर, पापणीवर आणि नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड उठले. आईने ओळखलं, नागीण. गेरू लावून झाला, गावातल्या एकाकडून उतरवूनही झालं. डोळा लाल झाल्यावर नेत्रतज्ज्ञांकडे गेले. औषधं सुरू झाली, फोड सुकले. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आधीचं तोंड वाकडं होण्याबद्दल विचारलं आणि बाहेर पेशंट बसलेले असताना, दार उघडं असताना, 'शुगर करा आणि एचआयव्हीही करून घ्या' असं सांगून चिठ्ठी दिली. शुगर केली, ती नॉर्मल आली. दुसरी तपासणी तीन आठवडे झाले तरी केलेली नाही. ते लिहितात: 'मला त्यांनी काय समजून हे सांगितलं? लग्नाआधी बाहेरगावी कामाला असताना एकदा चूक झाली होती, पण त्याला अकरा वर्षं झाली. तपासणी करायला जाणं म्हणजे मी तसा माणूस आहे हे कबूल करणंच नाही का? डोळा बरा आहे, मग गप्प बसलं तर काय बिघडलं? आणि बायकोला काय सांगू?'

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझी नजर सारखी त्या उघड्या दारापाशी जात होती. ते दार बंद करायला हवं होतं. अशी तपासणी सुचवताना दोन मिनिटं समोर बसवून, का सुचवतोय ते सांगून, तुमची संमती घेऊन बोलायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून तुम्हाला लागलं, आणि लागणारच. मी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, बरीच वर्षं काम केलं आहे. चाचणीच्या निकालापेक्षा ती सुचवण्याच्या पद्धतीने दुखावलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत. तुमचा राग खरा आहे. पण सांगण्याची रीत चुकली म्हणून सांगणं चुकलं, असं होत नाही. या दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधून ठेवल्या आहेत. आधी ती गाठ सोडवू.

डॉक्टरांना काय दिसलं असेल ते बघा. तुम्ही अकरा वर्षांपूर्वी कुठे होतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना चेहऱ्याच्या दोन नसा दिसल्या. पावसाळ्यात तुमचं तोंड वाकडं झालं तेव्हा बिघडली होती ती मेंदूतून निघणारी सातवी नस. ती चेहरा हलवते. हसणं, डोळा मिटणं, शीळ घालणं, चूळ तोंडात धरून ठेवणं हे तिचं काम. आता नागीण उठली ती पाचव्या नसेच्या वरच्या फांदीवर. ही नस चेहऱ्याला जाणीव देते. कपाळ, भुवई, वरची पापणी, बुबुळ आणि नाकाचा शेंडा हा त्या वरच्या फांदीचा मुलूख. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या दोन वेगळ्या नसा आठ महिन्यांत एकामागून एक बिघडल्या की नीट विचार करणारा कोणताही डॉक्टर थांबतो आणि विचारतो: याची प्रतिकारशक्ती कुठे कमी पडतेय का? साखर वाढलीय का? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? आणि एचआयव्ही? हे प्रश्न तुमच्या चारित्र्याला विचारलेले नव्हते, तुमच्या रक्ताला विचारलेले होते. शुगरची तपासणी तुम्ही निमूट करून आलात. दोन्ही नावं एकाच चिठ्ठीवर, एकाच कारणासाठी लिहिलेली होती.

आता नागिणीबद्दल. नावानेच आपल्याकडे निम्मी भीती घातली आहे. 'तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो' हे लहानपणी मीही ऐकलं आहे, आणि माझी आजी तर फोडांची रांग कुठवर आली ते बोटाने मोजायची. खरं कारण असं की, लहानपणी आपल्याला कांजिण्या होऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो नसांच्या मुळाशी, गाठीसारख्या पेशींच्या पुंजक्यात दबून राहतो, तीस-चाळीस वर्षंही. शरीराचा पहारा ढिला पडला की त्याच एका नसेच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. प्रत्येक नस शरीराच्या आपापल्या बाजूपुरती असते, म्हणून नागीण सहसा मधली रेघ ओलांडत नाही. तुमच्या कपाळावर ती बरोबर मध्यावर थांबली, ती यामुळेच. गेरूमुळे नव्हे. आईला हे वादासारखं सांगू नका. त्यांनी मायेने लावला आणि आठ-दहा दिवसांत फोड सुकले, म्हणून त्यांना तो लागू पडला असं वाटणं साहजिक आहे. फोड तसेही सुकतात. प्रश्न असतो तो कातडीच्या आत काय उरतं याचा.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतेय, कारण असंच दुखणं घेऊन घरात बसलेले आणखी काही वाचक असतील. नागिणीची पहिली खूण फोड नसते, वेदना असते. डोक्याच्या एकाच बाजूला आग, टोचणी, कपाळाला हात लावला तरी झिणझिण्या, उजेड नकोसा होणं, आणि कातडीवर काहीच दिसत नसणं. हे दोन-तीन दिवस माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खातो, चष्म्याचा नंबर बदलला म्हणतो, सायनस म्हणतो. मग फोड येतात. विषाणूवरची गोळी फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. गेरू आणि उतरवणं यात जातात ते नेमके हेच तास. 72 तास उलटून गेले म्हणून घरी बसायचं, असंही नाही. डोळ्याचा प्रश्न असेल तर उशिरा का होईना, जायचंच.

नाकाच्या शेंड्यावरचा फोड तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेली ती खूण आहे आणि आजही डोळ्यांचे डॉक्टर ती आधी बघतात. नाकाच्या शेंड्याला जाणारी बारीक नस आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकाच फांदीच्या आहेत. शेंड्यावर फोड आला की डोळ्याच्या आतही गडबड असण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे कपाळाची नागीण आणि नाकावर फोड असं दिसलं तर डोळा लाल व्हायची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचे. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले, किंवा शेजाऱ्याला लागू पडलेले थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. त्यात स्टिरॉइड असू शकतं. डॉक्टर तेच स्टिरॉइड काही वेळा विचार करून, मोजून देतात. पण न तपासता घातलं आणि डोळ्यात विषाणूची जखम असली, तर ती चिघळते.

'डोळा बरा आहे' असं तुम्ही लिहिता. डॉक्टरांनी कापसाची बारीक वात करून बुबुळाला टेकवून बघितलं होतं का, आठवून पाहा. निरोगी डोळा त्या स्पर्शाने झटकन मिटतो. नागिणीनंतर काहींच्या बुबुळाची ही जाणीवच कमी होते. असा डोळा दुखत नाही, म्हणून बरा वाटतो. त्यात कचरा गेला, ओरखडा उठला तरी कळत नाही. डोळ्यातला दाब वाढणं, आतली सूज हे प्रकारही फोड सुकल्यानंतर काही आठवड्यांनी उद्भवू शकतात. म्हणून डोळ्याची पुढची तारीख चुकवू नका. त्या डॉक्टरांकडे जावंसं वाटत नसेल तर दुसऱ्यांकडे जा, पण सगळे कागद घेऊन जा. आणि कपाळाची आग अजून रात्री उठवत असेल तर तेही सांगा. नागिणीनंतर उरणारं ते दुखणं नसेचं असतं. साध्या अंगदुखीच्या गोळीला ते दाद देत नाही, त्याची औषधं वेगळी आहेत. ते सोसत बसू नका.

आता त्या तीन अक्षरांकडे येते.

नागीण झालेल्या बहुतेक माणसांना एचआयव्ही नसतो. तोंड वाकडं झालेल्या बहुतेकांनाही नसतो. तुम्हालाही नसेल, हे अगदी शक्य आहे. पण उलट्या बाजूने बघितलं तर चित्र बदलतं. एचआयव्हीवरची आजची औषधं येण्याआधीच्या काळात, एचआयव्ही असलेल्यांमध्ये नागिणीचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा दहापटीहून अधिक दिसलं होतं. चेहऱ्याची नस बिघडणं तर कधी कधी एचआयव्हीची लागण झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांतही दिसतं. म्हातारपणी नागीण आली की वय हे कारण पुरतं. तरुणपणी आली की कारण शोधावं लागतं. आणि नागीण येते ती बऱ्याचदा लवकर. क्षयरोग नाही, वजन घटलेलं नाही, माणूस रोज दुकान उघडतोय, अशा काळात ती एकटीच येऊन जाते. पुढची मोठी दुखणी अजून काही वर्षं लांब असू शकतात. म्हणूनच या टप्प्यावरची तपासणी इतकी मोलाची आहे.

एक माणूस माझ्या कायमचा लक्षात आहे. ओळख पटेल असं काही सांगत नाही. पंचेचाळिशीचे होते. क्षयरोगाच्या वॉर्डातून त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. निकाल सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून घडीवर घडी घातलेला एक कागद टेबलावर उलगडला. घड्यांवर कागद फाटायला आला होता, शाई पुसट झाली होती. डोळ्याच्या डॉक्टरांची चार वर्षांपूर्वीची चिठ्ठी. नागीण झाली होती तेव्हाची. खाली एचआयव्ही तपासणी लिहिलेली. चार वर्षं त्यांनी ती फाडलीही नव्हती आणि दाखवलीही नव्हती. त्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, क्षयरोग बरा झाला, आज ते कामावर जातात. पण तो डोळा गेला. चार वर्षं त्यांनी काय सांभाळलं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

तुम्ही म्हणता, तपासणीला जाणं म्हणजे कबुली. मग मला सांगा, तुमच्या मुलीच्या वेळी तुमच्या पत्नीचं रक्त तपासलं होतं ना? गरोदरपणात हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीची तपासणीही होते. देशभर लाखो बायांची होते. बहुधा तुमच्या पत्नीचीही झाली असणार. फाइल काढून बघा. तेव्हा तुम्हाला किंवा तुमच्या आईला त्यात तिच्या अब्रूचा प्रश्न दिसला का? नाही दिसला, कारण ती बाळासाठी होती, सगळ्यांचीच होत होती. हीही तशीच समजा. फक्त एक लक्षात ठेवा, तिचा तेव्हाचा निकाल निगेटिव्ह असेल तर तो तिचा आणि त्या वेळचा. त्यावरून तुमचं आजचं उत्तर काढता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल. तुम्ही तिला चूक म्हणता, मी तिला काहीच म्हणत नाही. पण 'इतकी वर्षं झाली, आता काय' हा तर्क इथे चालत नाही. हा विषाणू आठ-दहा वर्षंही काही न दाखवता राहू शकतो. तेव्हा काळ लोटला ही निर्धास्त होण्याची खूण नाही. एका प्रसंगाने लागण होतेच असंही नाही. आणि हा विषाणू रक्तातून, न उकळलेल्या सुयांतूनही जातो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. तीन आठवडे तुम्ही हाच हिशेब रात्री करत असाल. तो हिशेब डोक्यात सुटत नाही. थोड्याशा रक्तात सुटतो.

कुठे करायची? खासगी लॅबमध्ये होते, पण तिथे बहुतेकदा बोलायला कोणी नसतं, कागद हातात येतो. माझं मत आयसीटीसीच्या बाजूने आहे, आणि ते मी तिथे काम केलं म्हणून नाही. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ही केंद्रं आहेत. पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक बंद खोलीत बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतात. पहिल्या किटवर काही आढळलं नाही तर निकाल निगेटिव्ह. काही आढळलं तर आणखी दोन वेगवेगळ्या किटवर तेच रक्त तपासतात. तिन्ही जुळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. निकाल साधारण त्याच दिवशी, समोर बसवून सांगतात. आपल्या गावच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे असतील तर शेजारच्या तालुक्याला जा, किंवा सरळ जिल्ह्याला. दुकानाचा माल आणायला जाताच. जवळचं केंद्र कुठे हे विचारायला 1097 हा मोफत क्रमांक आहे, नाव न सांगता बोलता येतं.

गुप्ततेची चिंता तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. 2017 मध्ये एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल बाहेर सांगणं नाही, नोकरीत, उपचारांत, शिक्षणात भेदभाव नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. कायदा आहे म्हणून सगळे तोंडं बंद ठेवतात असं मी म्हणणार नाही. पण कोणी उघड केलंच, तर तक्रार करायला तुमच्या पायाखाली जमीन आहे.

पत्नीला काय सांगायचं? तुम्ही विचारता तेव्हा तुमच्यासमोर एकच चित्र आहे: आधी सगळं सांगायचं आणि संसार मोडताना बघायचा. दोन-तीन वाटा आहेत. दोघांनी मिळून जाऊन तपासणी करता येते. काही जोडप्यांना तीच बरी वाटते, कारण मग कोणी कोणाला निकाल 'सांगायचा' नसतो. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्ही आत्ता त्या मनःस्थितीत नाही. मग एकटे जा, पण याच आठवड्यात जा. निकाल कळेपर्यंत संबंध टाळा किंवा निरोध वापरा. त्यासाठी काही खोटं रचू नका. 'डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली आहे, ती होईपर्यंत काळजी घेऊ' एवढं खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. कदाचित ती पुढे विचारेल. तीन आठवडे तुम्ही जेवत नाही, कपाळाला हात लावून बसता, हे तिला दिसत नसेल असं तुम्हाला वाटतं का? काय झालंय हे माहीत नसताना ती काय काय कल्पना करत असेल, याचाही विचार करा.

निकाल निगेटिव्ह आला, तर गेल्या तीन महिन्यांत काही धोक्याचं घडलं आहे का ते समुपदेशकांना खरंखरं सांगा. तसं असेल तर ते पुन्हा बोलावतील. नसेल तर या प्रश्नावर पडदा पडला. जुनी गोष्ट पत्नीला सांगायची की नाही हे मग तुमच्यावर आहे. मी आग्रह धरणार नाही. नागिणीचं दुसरं कारण शोधायचं काम डॉक्टर करतील. कधी कधी कारण सापडतच नाही, जागरणं आणि ताण यांच्यापलीकडे काही हाती लागत नाही.

पॉझिटिव्ह आला, तर पत्नीला सांगावंच लागेल, तिची आणि मुलीची तपासणी करावी लागेल. लागण दुसऱ्याला होऊ नये म्हणून काळजी घेण्याची जबाबदारी कायदाही तुमच्यावर टाकतो, आणि संबंधांआधी जोडीदाराला सांगणं त्यात येऊ शकतं. पण तेव्हा तुम्ही एकटे नसाल. समुपदेशक तुम्हा दोघांना समोर बसवून बोलतात. मी अशा कितीतरी खोल्यांत बसले आहे. रडणं होतं, राग होतो, आणि बरेच संसार टिकतात. ज्यांना नवऱ्याने स्वतःहून सांगितलं त्यांचा राग आणि ज्यांना दुसरीकडून कळलं त्यांचा राग, यात मला नेहमी फार फरक दिसला. आणि आजाराबद्दल म्हणाल, तर तुमच्या मनात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एड्स आहे, भिंतीवरच्या त्या हाडाच्या सापळ्याच्या चित्रातला. 2017 पासून आपल्याकडे निदान झालं की सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती आहेत याची वाट न बघता औषध सुरू करतात. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात, ते मोफत मिळतं. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, तर तो संबंधांतून जोडीदाराला जात नाही. लवकर सुरू केलेली माणसं जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतात. मुलीच्या लग्नात तुम्ही असाल की नाही, हा प्रश्न निकाल पॉझिटिव्ह आल्याने ठरत नाही, तो किती उशिरा कळला यावर ठरतो.

आणखी एक, बाकीच्या वाचकांसाठी. तोंड अचानक वाकडं झालं तर 'वारं लागलं' म्हणून शेकत बसू नका. तो पक्षाघातही असू शकतो. हातापायात ताकद कमी, बोलणं अडखळणं असेल तर क्षणाचाही उशीर नको. नसेचंच असलं तरी औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू करायचं असतं, आणि डोळा मिटत नसेल तर तो कोरडा पडू नये म्हणून जपावं लागतं. कानात किंवा कानामागे फोड असतील तर ते आवर्जून दाखवा, तिथेही नागीणच असू शकते. आणि ज्यांच्या घरी पन्नाशीपुढची माणसं आहेत, त्यांनी नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आपल्याकडे ती 2023 पासून मिळते, दोन डोस असतात. महाग आहे, पण ज्यांनी नागिणीनंतरची ती आग सोसली आहे त्यांना किंमत विचारा.

तुम्ही मात्र आधी चिठ्ठी शोधा. फाडली असेल तरी हरकत नाही, आयसीटीसीत चिठ्ठीशिवायही घेतात. सकाळी ओपीडी सुरू झाल्या झाल्या पोचा, केसपेपरच्या खिडकीवर गर्दी व्हायच्या आत. कुठली खोली ते विचारायला लाज वाटली तर 'समुपदेशकांना भेटायचंय' एवढंच म्हणा, ते दाखवतात. आणि आत गेल्यावर दार उघडं असलं, तर बसण्याआधी ते लावून घ्यायला सांगा.